माझी बांधलेली दांडी

मित्रांनो, मी मिरजगावच्या शिवारात राबणारा एक जुना ट्रॅक्टर आहे. माझा रंग तांबडा होता, हे आता सांगावं लागतं. कारखान्यात माझ्या सीटच्या उजव्या हाताला दोन दांड्या बसवल्या गेल्या. पहिलीचं काम सगळ्यांना ठाऊक. ती वर ओढली की माझ्या पोटातलं तेल जोर लावतं आणि चार माणसांना न हलणारा नांगर अलगद वर येतो. खाली केली की नांगर जमिनीला टेकतो. दुसरी दांडी कशासाठी, हे मात्र माझ्या मालकांना, सूर्यभानना, कुणी सांगितलंच नाही.

एका उन्हाळ्यात सूर्यभान वर उचललेल्या नांगराखाली बसून नट आवळत होते. इंजिन बंद होतं, म्हणून त्यांना भीती वाटली नाही. त्यांच्या पत्नी केशरबाई पाना द्यायला माझ्यावर चढल्या आणि तोल सावरताना त्यांचा हात दांडीवर पडला. मित्रांनो, इंजिन बंद असलं तरी दांडी खाली गेली की ओझं खाली येतं. सूर्यभानच्या पायाची दोन बोटं गेली.

कोणती दांडी ढकलली गेली, कुणालाच नक्की सांगता येईना. म्हणून रोजच्या कामात न लागणारी दुसरी दांडी त्यांनी तारेने खालच्या टोकाला आवळून टाकली. केशरबाई त्यानंतर माझ्याजवळ आल्या नाहीत. भाकरीही बांधावरच ठेवून जात.

यंदा सूर्यभानचा खांदा आखडला आणि त्यांची सून आरती सीटवर बसली. आमच्या रानात काळ्या मातीत मध्येच मुरमाचे कडक पट्टे आहेत. पट्टा आला की नांगर अडायचा, माझी चाकं जागच्या जागी फिरायची. आरती घाईने पहिली दांडी ओढायची, तर नांगर इतका वर यायचा की जमीन कोरीच राहायची. ती पुन्हा पुन्हा मागे वळून पाहू लागली. नांगर अडला की त्याचा वरचा जोडदांडा पुढे रेटला जातो आणि माझ्या पाठीतली एक जाड स्प्रिंग दबते, हे तिच्या ध्यानात आलं. नांगर टेकवून ती उतरली. त्या स्प्रिंगपासून बोट फिरवत फिरवत ती थेट बांधलेल्या दांडीपाशी पोचली.

तिने सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "ती भानगड नको. लई महागात पडली एकदा."

"पण मामा, ही स्प्रिंग उगाच कोन कशाला बसवंल?"

सूर्यभाननी वाकून ती स्प्रिंग पाहिली. मग मागे कुणी उभं राहायचं नाही, अशी अट घालून त्यांनी स्वतः पकड आणली आणि तार तोडली.

केशरबाई बांधावर पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. आरतीने पहिली दांडी पूर्ण खाली सोडली आणि दुसरी हळूहळू वर घेत नांगर हवा तेवढा खोल धरला. मुरूम आला. स्प्रिंग दबली, आत तेल सरकलं आणि नांगर आपोआप थोडासा वर आला. मी अडलो नाही. पट्टा संपताच तो पुन्हा खोल बसला. मलाच नवल वाटलं. हे बळ इतकी वर्षं माझ्याच अंगात होतं!

नांगराचं तास बांधापर्यंत ओढून झाल्यावर केशरबाई हळूहळू जवळ आल्या. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "मग त्या दिशी माझा हात कोनत्या दांडीला लागला आसंल वो?"

"कोनतीबी लागू दे," सूर्यभान म्हणाले. "नांगर वर ठिवून खाली मी बसलो हुतो."

केशरबाईंनी माझ्या तापलेल्या मडगार्डवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

मित्रांनो, आमच्यासारख्या म्हाताऱ्या यंत्रांना भिऊन बांधून ठेवू नका. आधी ओझं जमिनीला टेकवा. मग खुशाल वाका, निरखा, हे कशासाठी म्हणून विचारा. आम्हाला विचारलेलं फार आवडतं.