देवकाबाईच्या हातचा सांबार

आमच्या गावाला वेबसाइट आहे. हे मी पहिल्यांदा माहेरी सांगितलं तेव्हा भावजयीनं विचारलं, "अन् पक्का रस्ता?" रस्ताही आहे, थोडा थोडा. पण ही गोष्ट वेबसाइटची आहे.

वर्धा जिल्ह्यात, नाचणगावच्या पुढे आमचं गाव. मी तिथली अंगणवाडी सेविका, नंदिनी. कोणाच्या घरी काय शिजतं आहे ते मला आपोआप कळतं, विचारावं लागत नाही. तरी मी विचारते.

वेबसाइट केली काजलनं. माझ्या भिंतीला भिंत लागून बाबारावभाऊंचं घर आहे, त्यांची ही धाकटी. वर्ध्याला कॉम्प्युटरचं शिकली आणि शिकून चक्क परत आली. आमच्या बौद्ध वस्तीत शिक्षणाचा अर्थ आजवर एकच होता: शिकायचं आणि गावाबाहेर पडायचं. काजलचा भाऊ अनुप तसा नीट पुण्याला जाऊन नोकरीला लागला. ही मात्र घरी बसून गावाचं पान लिहायला लागली, तेही आपल्या बोलीत. उघडलं की वरच लिहिलेलं: "या. बसा. पानी घ्या. मंग सांगा काय काम आहे."

खाली सगळं कामाचं. पुलगावची यष्टी आज येणार की नाही, वावरातल्या मोटारीला लाइट कधी मिळेल, कोणाकडे बियाणं उरलं आहे, कोणाची म्हैस विकायची आहे. लसीकरणाचा दिवस आणि वेळही असते. त्यामुळे बायका आता लेकरं घेऊन वेळेवर येतात आणि मला उशिरा जाता येत नाही. त्या वेबसाइटनं माझं केलेलं नुकसान तेवढं एकच.

या पानाचे शत्रू दोन. एक वासुदेवराव गुरुजी. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं आणि त्या अर्ध्या गावाची भाषा पाहून ते आजही दुःखी असतात. काजलनं पानावर "देवकाबाईच्या हातचा सांबार, ताजा, वास घराबाहेर येते" असं टाकलं तेव्हा गुरुजी काठी घेऊन तिच्या दारात आले.

"सांबार नाही, कोथिंबीर," ते म्हणाले. "आणि वास येते नाही, येतो."

"गुरुजी, आपल्याकडं सांबारच म्हन्तेत ना."

"आपल्याकडं म्हणतात म्हणूनच ते चूक आहे."

इकडे आम्ही हिरव्या कोथिंबिरीला सांबार म्हणतो. हाटेलात इडलीबरोबर येतो तोही सांबारच. आमचा कधी घोटाळा होत नाही, कारण एक वाटीत असतो आणि एक जुडीत. खुद्द गुरुजी बाजाराला निघाले की त्यांची बायको मागून ओरडते, "सांबार आणजा," आणि ते मुकाट्यानं आणतात. काजलनं शब्द बदलला नाही. गुरुजींनी पुन्हा एकदा येऊन सांगितलं, तरी नाही.

या जाहिरातीला फोटो होता, पण सांबाराचा नव्हता. सांबार लावून विकणारी देवकाबाईच म्हणाली, "सांबार कोनं पाह्यला नाई का? माहा टाक." म्हणून फोटोत देवकाबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून, हात कमरेवर.

दुसरे शत्रू घरातच, बाबारावभाऊ. भाऊ बोलतात कमी आणि बोलले की मागे घेत नाहीत. पोळ्याच्या सुमाराला त्यांनी काजलला सांगितलं, "माह्या बापाची गाव सोडाची हिंमत झाली नाई, माही झाली नाई. अनुपनं सोडलं. अन् तू शिकून वापस आली. दिवाळीपावतर त्या पानावरून बाहेरची एक ऑर्डर येऊ दे, मंग राहाय. नाई तं अनुपनं तुह्यासाठी नोकरी पाह्यली आहे, पुण्याले जाय."

काजल "हो" म्हणाली. तीही बापाचीच लेक. मग रोज सकाळी उठून फोन पाहायची. म्हैस विकली गेली, पण ती गावातच. नाचणगावच्या एकानं बियाणं नेलं, त्याला भाऊंनी बाहेरचं मानलं नाही. दिवाळी तोंडावर आली. काजल हसत होती, पण जेवण कमी झालं होतं, हे मला भिंतीपलीकडूनही समजत होतं.

आणि एका संध्याकाळी मेसेज आला. काजल धावत आली, मी आणि देवकाबाई ओट्यावर बसलो होतो. तिनं वाचून दाखवला:

"नमस्कार. शनिवारी सकाळी साठ जणांच्या नाश्त्यासाठी देवकाबाईंच्या हातचा सांबार हवा आहे. जरा पातळ असू द्या. तिखट नको, काही वयस्कर मंडळी आहेत. भांडी धुऊन परत करू. शिबिर, सिंदी मेघे."

आता हे वाचून तुम्हाला जे कळलं ते आम्हाला तिघींना का कळलं नाही, असं कोणी विचारू नये. नाश्ता म्हणजे पोहे, पोह्यांवर सांबार लागतोच, आणि साठ माणसं म्हणजे पुष्कळ सांबार. आम्हाला यात काही वावगं दिसलं नाही.

"पातळ म्हन्ते म्हंजे कवळा पाह्यजे, बारीक काडीचा," देवकाबाई म्हणाली. "जाणकार मानूस दिसते."

"अन् तिखट नको?" मी विचारलं.

"मी सांबारासंगं मूठभर मिरच्या फुकट टाकतो ना, ते याले कोनं सांगतलं असन. नको तं नको."

भांड्याचं कोडं मात्र काही वेळ सुटेना. सांबार पोत्यात जातो, त्याला भांडं कशाला? शेवटी देवकाबाईनंच उलगडा केला की शहरातल्या लोकांना पोत्याची घाण वाटते. तिनं घरातला सगळ्यात मोठा गंज काढला, लग्नात भात शिजवायचा, आणि चिंचेनं घासून लख्ख केला. काजलनं वडिलांना मेसेज दाखवला. भाऊंनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि म्हणाले, "पोचू दे पह्यले."

शनिवारी उजाडताच गावातल्या कैलासच्या छोटा हत्ती टेम्पोत आम्ही निघालो. पुढे कैलासजवळ काजल आणि देवकाबाई, मागे गंज, गंजाला धरून मी आणि बाबारावभाऊ. माझं तिथं काही काम नव्हतं. मी वर्ध्याला मीटिंग आहे असं सांगितलं होतं. भाऊ म्हणाले त्यांना लेकीचं काम पाहायचं आहे, पण त्यांनी लग्नाकार्याचा सदरा घातला होता. वाटेत ते दोनदा झाकण उघडून पाहून म्हणाले, "सुकला तं नाई?"

वर्ध्याला लागूनच सिंदी मेघेला एका सभागृहात ते शिबिर होतं. दारावर भलं मोठं बॅनर: "आपली भाषा, आपला विकास. गावोगावी संकेतस्थळे." पुण्याकडून, मुंबईकडून माणसं आली होती. आमच्यासारख्या गावांनी आपल्या बोलीत वेबसाइट कशी करावी याचा विचार करायला त्यांनी तीन दिवस काढले होते. आमच्याच पानावरून नाश्ता मागवावा ही कल्पना योगेंद्र साहेबांची. हा शिबिराचा व्यवस्थापक, हसरा माणूस. त्यानं काजलचा हात हातात घेऊन तिचं कौतुक केलं. भाऊंनी ते नीट पाहून घेतलं.

आत साठ ताटल्यांत इडल्या वाढून तयार होत्या. पांढऱ्याशुभ्र, वाट पाहणाऱ्या. त्या पाहिल्या आणि मेसेजमधलं 'पातळ' मला आत्ता कळलं. देवकाबाईनं मात्र ऐटीत झाकण उचललं.

गंज गच्च हिरवा होता. वास खरोखर घराबाहेर गेला.

योगेंद्र साहेबानं आत वाकून पाहिलं, जणू खाली काहीतरी असेल. "सांबार कुठे आहे?"

"हा काय," देवकाबाई म्हणाली.

"ही कोथिंबीर आहे."

"असन तुमच्याकडं."

मागे भिंतीला टेकलेला वर्ध्याचा स्वयंपाकी हसता हसता खाली बसला. "साहेब, मले तं विचाराचं होतं," तो म्हणाला. त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. शिबिराच्या तीन दिवसांत तिथलं माणूस म्हणून फक्त तोच होता, आणि त्याला भांडी घासायला ठेवलं होतं.

काजलचा चेहरा पाहवत नव्हता. ती भाऊंकडे पाहतच नव्हती. देवकाबाईला घोटाळा कळायला जरा वेळ लागला, पण कळल्यावर ती रडत बसली नाही. स्वयंपाक्याला म्हणाली, "मिक्सर हाय का? शेंगदाने काढ." चटणी करायला बसलो तर हिरव्या मिरच्या नव्हत्या, कारण तिखट नको होतं. लाल तिखट घालून चटणी केली. बरी झाली. फार बरी झाली असं मी म्हणणार नाही, इडल्या तोवर गार झाल्या होत्या. लोकांनी समजूतदारपणे खाल्लं.

खाणं झाल्यावर योगेंद्र साहेबानं माइक घेतला. तो माणूस वाईट नव्हता, पण माइक हातात आला की चांगल्या माणसालाही शिकवावंसं वाटतं. "आजचा प्रसंग बोलका आहे," तो म्हणाला. "बोलीचा गोडवा आपल्याला हवाच. पण संकेतस्थळ म्हटलं की प्रमाण शब्दच हवेत. आपल्या या मुलीला कोथिंबीर हा शब्द माहीत असता, तर हे झालं नसतं." लोकांनी माना डोलावल्या. काजल खाली पाहत राहिली. शेवटच्या रांगेत माझ्या बाजूला बसलेले बाबारावभाऊ उभे राहिले.

मला वाटलं, झालं. आता हे भर सभेत तिला पुण्याला पाठवणार.

"साहेब," भाऊ म्हणाले, "कोथिंबीर शब्द माह्या पोरीले येते. आमच्या गुरुजीनं तं दोनदा घरी येऊन सांगतला. पन ते पान तिनं तुमच्यासाठी लिहिलंच नाई."

"मग कोणासाठी?"

"हे देवकाबाई. मागं साक्षरतेच्या वर्गात बसलती. अक्षरं शिकली, पुस्तक घरी आनलं अन् ठेवून देलं. म्हने, ह्यात माह्यासारखं कोनी बोलतच नाई. माह्या पोरीचं पान हे सोता वाचते. फोनवर बोट ठेवून वाचते, म्हून ते पान पळून जाते, मंग त्याले शिव्या देते अन् परत आनते. त्यात काई चुकलं तं पोरीलेच बोलते, असं नाई म्हनत बापा आपन." भाऊ थांबले. इतकं बोलायची त्यांना सवय नव्हती, हात सदऱ्याशी चाळा करत होते. "तुमाले एक शब्द समजला नाई, तं विचाराचं होतं. आमी जलमभर तुमचं विचारू विचारूच समजून घेतलं ना."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. योगेंद्र साहेबानं मागच्या बॅनरकडे पाहिलं, मग काजलकडे. "माझंच चुकलं," तो म्हणाला आणि माइक ठेवून दिला. देवकाबाई मला कोपरानं ढोसून विचारत होती की शिव्यांचं सांगायची काय गरज होती.

परतीच्या वाटेत गंज रिकामा होता, त्यामुळे त्याला कोणी धरलं नाही आणि तो गावापर्यंत वाजत आला. भाऊ तोंड फिरवून बाहेरची कपाशीची पऱ्हाटी पाहत होते, स्वतःच्या वावरात कधी पाहत नाहीत इतकं लक्ष देऊन.

संध्याकाळी भिंतीपलीकडून कपाट उघडल्याचा आवाज आला, तशी मी साखर मागायला गेले. माझ्याकडे साखर होती. काजल बॅगेत कपडे भरत होती. तिची आई, कमलावहिनी, चुलीपाशी नुसतीच उभी होती. भाऊ खाटेवर.

"हे काय?" मी विचारलं.

"ऑर्डर फसली ना काकू," काजल म्हणाली. "बाबाले जबान देलीती मी."

मी भाऊंकडे वळले. "फसली काय भाऊ, आली तं होती ना. तुमी 'ऑर्डर येऊ दे' म्हटलंतं. बरोबर समजू दे, असं कुठी म्हटलंतं?"

"बाई, वकिली नका करू," भाऊ म्हणाले. "फसली म्हंजे फसली."

काजलनं ओढणीची घडी केली आणि बॅगेत ठेवली. मग दुसरी घेतली. त्या पोरीचा मला इतका राग आला, आणि त्याहून जास्त त्या माणसाचा. सकाळी भर सभेत सिंह आणि घरी येऊन पुन्हा दगड.

"ठेव ते कपडे," भाऊ म्हणाले.

"काऊन?"

"मले अजूनबी वाटते तू पुण्याले जावं."

"मंग जातो ना मी."

भाऊंनी खाटेची सैल नवार ओढून घट्ट केली. "सकाळी इतक्या मान्साईसमोर तुही बाजू घेतली," ते म्हणाले. "आता संध्याकाळी कोनत्या तोंडानं तुले जाय म्हनू?"

काजल बॅगेपाशीच खाली बसली आणि रडायला लागली. मीही रडले, मला कोणी बोलावलं नव्हतं तरी. कमलावहिनी मात्र रडली नाही. तिनं पुढे होऊन बॅगेतले कपडे भराभर काढले आणि कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं, कारण दोघंही आपल्या शब्दाचे पक्के, त्यांचा काही भरवसा नाही.