खाट रिकामी असेल तर

पाणी मोजायला हरणाबाईला कुणी शिकवायला नको होतं. ती जतच्या माळावरची. बहात्तरच्या दुष्काळात तिनं सात माणसांचं घर एका घागरीवर चालवलं होतं. टँकर वेशीत डोळ्यांनी दिसल्याशिवाय शेवटची घागर रिकामी करायची नाही, हा सासूचा दंडक तिनं कधी मोडला नव्हता.

आता ती नवऱ्याचं पाणी मोजत होती. सांगलीकडं ऊस तोडायला आल्यावर आप्पासो सुजला आणि त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं. दिवसाला दोन कप पाणी, वर थेंब नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला, टोळीच्या गाड्या गावाकडं गेल्या, सख्खा दीर नानासोसुद्धा मान खाली घालून गेला. दवाखान्याच्या आवारातल्या लिंबाखाली ही दोघंच उरली. समोरचा नळ दिवसभर ठिबकायचा आणि आप्पासो कोरड्या जिभेनं तो ऐकत पडायचा.

इलाज एकच होता. पोटात नळी घालून बाटल्यांतलं औषधी पाणी आत सोडायचं, ते रक्तातलं विष ओढून घ्यायचं, मग बाहेर काढायचं. दोन दिवस हे चालायचं आणि पुढं आठ-दहा दिवस माणूस माणसात यायचा. पण खाट एकच. कारखान्यातल्या कामगाराकडं विम्याचा कागद, त्याला तारीख मिळे. तोडकऱ्याला कसला आलाय विमा? कारखाना म्हणे तो मुकादमाचा, मुकादम म्हणे गावाला जा. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना! बिनकागदाच्या माणसाला दम लागला, जीव घाबरा झाला, तरच आत घ्यायचं असा नियम होता. म्हणजे आधी मरणाच्या दारात जाऊन उभं राहा, मग बघू. नियम करणाऱ्यालाच आठवडाभर दोन कपांवर ठेवायला हवं होतं.

दोनदा आप्पासो दम लागून आत गेला आणि बरा होऊन आला. तिसऱ्या खेपेला दमच लागेना. ओकाऱ्या, अंगभर खाज, डोळ्यांवर झापड. हरणाबाई तीन दिवस खाट मागायला दारात गेली.

"डॉक्टर म्हणतात श्वास अजून चांगला आहे," लीलाबाई नर्स म्हणायची. बाई वाईट नव्हती, पण खाट काही तिच्या हातात नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी आप्पासो म्हणाला, "हरणे, एकडाव पोटभर दे गं."

पाणी भरलं की दम लागेल. दम लागला की आत घेतील. हा विचार मनात आला तशी हरणाबाई स्वतःलाच भ्याली. तरी ती उठली. नळावरनं एक तांब्या आणला, मग दुसरा. आप्पासो घटाघटा प्याला, मिशा पुसल्या आणि कितीतरी दिवसांनी हसला.

दिवस कलता कलता त्याला दम चढला. काखेत हात घालून तिनं त्याला पायरीपर्यंत ओढत आणलं. लीलाबाई धावत आली, नाडी बघितली आणि तिनं कपाळावर हात मारला.

"अगं, खाट दुपारीच भरली! तुमच्यासारखाच एक तोडकरी आलाय. उद्यापर्यंत सुटायची नाही. थांब, डॉक्टरांना विचारून इंजेक्शन तरी आणते."

हरणाबाई आप्पासोला टेकवून पायरीवर बसली. तांब्या भरण्याआधी चार पायऱ्या चढून खाट तेवढी बघायची होती.

"आवं, माजं चुकलं," ती म्हणाली. "टँकर न बगता घागर वतली म्या."

आप्पासोला श्वास पुरत नव्हता. त्यानं चाचपडत तिचा हात धरला. "आसू दे. लय... ग्वाड हुतं."

दाराच्या पलीकडं आतल्या माणसाची बायको गुडघ्यात डोकं घालून बसली होती. हरणाबाईनं आप्पासोची पाठ छातीशी धरली आणि देवाचं नाव घेतलं. पण खाट लवकर रिकामी होऊ दे, असं म्हणायला तिचं तोंड उघडेना. ती लवकर रिकामी व्हायची, तर एकाच तऱ्हेनं.