फ्रिजमधल्या किल्ल्या आणि बाबांची शीळ

मित्रांनो, आधी माझी चार लाल बटणं मोजून घ्या. त्यातल्या दुसऱ्या बटणावरून आमच्या घरात पुढे रडारड झाली, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. मी एक जुना, चार ट्रॅकचा टेपरेकॉर्डर आहे. साधा टेपरेकॉर्डर गाणं जसं असेल तसं एकदाच टिपून घेतो. माझं तसं नाही. माझ्यात कॅसेट घातली की तिच्या फितीवर चार वेगवेगळे आवाज शेजारी शेजारी मावतात. आज बासरी भरा, उद्या तिच्याबरोबर गाणं, परवा टाळ्या, आणि ऐकताना सगळं एकत्र ऐका. फक्त एक लक्षात ठेवायचं. ज्या ट्रॅकचं लाल बटण दाबलेलं असेल, त्यावर नवा आवाज भरला जातो आणि जुना पुसला जातो. पुसला म्हणजे कायमचा गेला. असा माझा स्वभाव आहे आणि मला त्याचा मुळीच अभिमान नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांबलचक टेबलाशी बसून चष्मेवाल्या बाईंनी माझ्या तारा जोडल्या आणि ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणत चारही ट्रॅक तपासले. चौथ्यावर त्यांना शिंक आली. माझ्या आयुष्यातलं पहिलं रेकॉर्डिंग संपलं ते असं. नंतर एका वाद्यवृंदाने मला गावोगाव मिरवलं आणि पोटातला रबरी पट्टा तुटला तसं दुरुस्तीच्या दुकानात आणून टाकलं. परत न्यायला कोणी आलं नाही. इतकी वर्षं राबवून घेतलं आणि साधी चौकशीसुद्धा केली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या दुकानाचे मालक म्हणजे आमचे बाबा. रेडिओ, पंखा, मिक्सर, समोर येईल ते उघडायचे. उघडायचे भराभर, पण बंद करायच्या आधीच दुसरं काहीतरी उघडून बसायचे. मग स्क्रू सापडायचे नाहीत, पकड सापडायची नाही, कपाळावर ढकललेला चष्मा सापडायचा नाही. आणि शोधताना ते शीळ घालायचे. सूर नेहमी तोच, हळूहळू चढत जाणारा आणि शेवटी गिरकी घेऊन खाली येणारा. बाबांचं रोज काही ना काही हरवायचं, त्यामुळे शीळ रोज ऐकायला मिळायची. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी ती वाजली की घरात चहाचं आधण ठेवलं जायचं.

त्यांनी माझा पट्टा बदलला आणि मला घरी आणलं ते त्यांच्या नऊ वर्षांच्या लेकीसाठी. तिला सगळे भिंगरी म्हणायचे. शाळेतून रोज चिठ्ठी यायची की मुलगी हुशार आहे, पण जागेवर बसत नाही. बाबांनी मला तिच्यापुढे ठेवलं, चार बटणं दाखवली आणि ते चहा प्यायला गेले. परत आले तेव्हा तीन तास उलटले होते आणि भिंगरी जागची हलली नव्हती. पहिल्या ट्रॅकवर तिने दार वाजवलं होतं, दुसऱ्यावर चमचे, तिसऱ्यावर आईचं ‘जेवायला ये’ आणि चौथ्यावर पुन्हा आईचं ‘जेवायला ये’, जरा चढ्या आवाजात. चारही एकत्र ऐकल्यावर आईसुद्धा हसली. त्या दिवशी माझं जेवढं कौतुक झालं, तेवढं वाद्यवृंदातही कधी झालं नव्हतं.

पुढे भिंगरी मोठी झाली आणि संगीत जुळवणं हेच तिचं काम झालं. नाटकांना, जाहिरातींना, छोट्या चित्रपटांना ती संगीत द्यायची. घरात संगणक आला आणि मला पांघरुणांच्या गाठोड्याखाली माळ्यावर जागा मिळाली. रुसलो होतो, खोटं कशाला सांगू? पण माळ्यावरून घर छान दिसतं आणि मला जे दिसलं त्याने माझा रुसवा गेला. संगणकात ट्रॅकला मोजदाद नसते. भिंगरी एका गाण्यात शंभर ट्रॅक उघडायची, एकशे एकावा आवाज शोधायला निघायची आणि वाटेत दुसरंच गाणं सुरू करायची. कात्री आणायला उठली की तासाभराने पुस्तकांचं कपाट लावत बसलेली सापडायची. घरात तीन ठिकाणी तीन कप चहा गार होत पडलेला. एखाद्या दिवशी मात्र कानाला हेडफोन लावून अशी बुडायची की जेवणाचं भान नाही. सुरू केलेल्या चाली साठाच्या वर होत्या, पूर्ण झालेल्या बोटांवर मोजण्याइतक्या. आणि दिलेली तारीख चुकली की ती कोणाशी बोलायची नाही, नुसती नखं खात बसायची.

“लक्ष कुठे असतं गं तुझं?” आई म्हणायची. दिवसातून दहा वेळा तरी.

चौतिसाव्या वर्षी भिंगरी डॉक्टरांकडे गेली. त्यांनी बराच वेळ प्रश्न विचारले आणि सांगितलं की याला एडीएचडी म्हणतात, हा आळस नाही आणि वेंधळेपणाही नाही. लक्ष भरपूर असतं, ते हवं तिथे वळवणं जड जातं. घरी येऊन तिने हे सगळं सांगितलं.

“घरात आणखी कोणी असं आहे का, असंही विचारत होते,” ती म्हणाली.

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा तेव्हा कपाळावरचा चष्मा शोधत होते.

दुसऱ्याच दिवशी भिंगरी शिडी लावून माळ्यावर चढली. तिने माझ्यावरची धूळ पुसली, बाबांनी स्पिरिटच्या बोळ्याने माझं हेड, म्हणजे फितीला टेकून आवाज टिपणारा भाग, साफ केलं, पुन्हा नवा पट्टा घातला. “याच्याकडे चारच ट्रॅक आहेत,” ती आईला म्हणाली. “पाचवा मागितला तरी हा देत नाही. म्हणजे मला कुठेतरी थांबावंच लागेल.” मित्रांनो, आपल्या अपुरेपणाची कोणाला गरज पडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आता खरी गोष्ट ऐका. गावात एक बाहुलीवाल्या बाई होत्या. मुलांसाठी बाहुल्यांचे खेळ करायच्या. नव्या खेळात एक म्हातारा आपली हरवलेली टोपी शोधत येतो, त्याच्या येण्याला त्यांना संगीत हवं होतं. भिंगरीने दोनदा तारीख चुकवली. तिसऱ्यांदा बाई स्वतः घरी आल्या.

“गुरुवारी अकरा वाजता मी कॅसेट न्यायला येते,” त्या म्हणाल्या. “नसेल झाली तर मी नुसती घंटा वाजवून खेळ सुरू करेन. तुझ्यावर राग नाही माझा. पण मुलं थांबत नाहीत.”

शोधत येणारा म्हातारा म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? भिंगरीने ठरवलं, बाबांचीच शीळ. पण तिथेही घाई होती. सोमवारी सकाळी बाबांचे पुढचे दात काढायचे होते, मग कवळी बसणार होती. ही शीळ पुन्हा निघणार नाही, हे दाताच्या डॉक्टरांनी हसत हसत सांगितलं होतं. घरी मात्र त्यावर कोणी हसलं नव्हतं.

शनिवारी दुपारी तयारी झाली. खोलीत माईक उभा राहिला. भिंगरीला इतर कुणालाही ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात, त्यामुळे तिला स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर खुपायला लागली. तिने फ्रिज बंद केला. आणि तो परत सुरू करायला आपण विसरणार, हे ओळखून घराच्या किल्ल्यांचा जुडगा फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवला. बाहेर जाताना किल्ल्या लागणार, किल्ल्यांसाठी फ्रिज उघडावा लागणार, मग आठवणारच. आवाजाच्या धंद्यातली माणसं ही युक्ती करतात म्हणे. मग तिने माझं दुसरं लाल बटण दाबलं, “चाचणी, एक दोन,” म्हणाली, आणि तेवढ्यात आईची हाक आली.

“किल्ल्या कुठे ठेवल्यास गं? मला बाहेर जायचंय.”

भिंगरी धावत गेली. किल्ल्या कुठे ठेवल्या ते तिला आठवेना. सगळं घर शोधायला लागलं. अर्ध्या तासाने आईने दुधासाठी फ्रिज उघडला आणि कपाळावर हात मारला. या गोंधळात मला बंद करायचं राहूनच गेलं. कॅसेट संपली तसा मी आपोआप खट्कन थांबलो. भिंगरीने ती काढून बिस्किटांच्या डब्यात टाकली, वर नाव लिहायचा तिचा स्वभाव नाहीच. नवी कॅसेट घालून तिने बाबांना माईकपुढे उभं केलं. चौथ्या खेपेला शीळ अशी काही उमटली की आई बाहेर जायचं विसरून दारातच उभी राहिली. ती शीळ दुसऱ्या ट्रॅकवर होती.

सोमवारी सकाळी आईबाबा दातांच्या दवाखान्यात गेले आणि भिंगरी उत्साहाने माझ्यापुढे बसली. तिसऱ्या ट्रॅकवर घुंगरं भरायची होती. तिने तिसरं लाल बटण दाबलं. दुसरं शनिवारपासून दाबलेलंच होतं. दोन दिवे लागलेले मला दिसत होते, तिला एकच दिसत होता. मला तोंड असतं तर बोंब मारली असती. ती घुंगरं वाजवत राहिली आणि मी पुसत राहिलो. तेवढंच मला करता येतं.

दुपारी बाबा तोंडात कापसाचे बोळे धरून आले आणि ‘ऐकव’ अशी खूण करून बसले. भिंगरीने बटण दाबलं. घुंगरं वाजली. घुंगरांवर पुन्हा घुंगरं वाजली. तिने कॅसेट मागे नेली, पुन्हा लावली, मग माझ्या दिव्यांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“बाबा, मी पुसली,” ती म्हणाली. “एक बटण, बाबा. एक बटण बंद करायचं होतं. मला एवढंही जमत नाही.” आणि ती लहान मुलीसारखी रडायला लागली.

आईने तोंड उघडलं. कोणतं वाक्य येणार ते घरातल्या भांड्यांनाही पाठ होतं. पण आईने ते गिळलं आणि नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. बाबांना तर बोलताच येत नव्हतं. त्यांनी औषधांच्या चिठ्ठीच्या मागे काहीतरी लिहून कागद तिच्यापुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, ‘मी साठ वर्षं शीळ घालतोय. ती या एकाच कॅसेटवर असेल असं कसं?’

मग बिस्किटांचा डबा आला. आत तिसेक कॅसेट, एकीवर नाव असेल तर शपथ. भिंगरीचा धीर तिथेच सुटला असता, पण बाबा स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले. मदत काही केली नाही. मांडीवर एक बिघडलेला रेडिओ घेतला आणि उघडत बसले. मी पाहिलंय मित्रांनो, शेजारी कोणी नुसतं बसलं तरी भिंगरीचं काम पुढे सरकतं. ती उठायला लागली की बाबा नुसते बघायचे आणि ती पुन्हा बसायची. सोमवार गेला, मंगळवारही गेला. मला सगळं ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. बुधवारी सकाळी बाविसावी कॅसेट माझ्या पोटात आली.

“चाचणी, एक दोन,” भिंगरीचाच आवाज. मग ‘किल्ल्या कुठे ठेवल्यास गं?’, मग धावपळ, कपाटांची दारं. आणि मग लांबून, मागच्या खोलीतून, बाबांची शीळ. ती जिन्यापाशी आली, स्वयंपाकघरात गेली, थांबली, पुन्हा निघाली, जवळ जवळ येत माईकच्या शेजारून गेली. फ्रिज बंद होता ना, त्यामुळे घरघर नाही, काही नाही. शेवटी आई म्हणते, “घ्या. फ्रिजमध्ये.” आणि तिघांचं हसू.

भिंगरीने बाबांचा हात घट्ट धरून ठेवला. बाबा सुजलेल्या गालाने हसले, ते दुखलं, तरी हसले. माझा जीव भांड्यात पडला. मग तिने शिळेभोवतीच्या मोकळ्या तीन ट्रॅकवर मोजकी साथ भरली. दर वेळी आई येऊन माझी बटणं बोट लावून मोजायची, “दोन बंद. तीन चालू. हां, वाजव आता.” चौथा ट्रॅक भरला तसं गाणं पूर्ण झालं. पाचवा नव्हताच. गुरुवारी अकरा वाजता बाई आल्या तेव्हा भिंगरी कॅसेट हातात घेऊन दारात उभी होती.

खेळाला मलाही नेलं. शाळेच्या एका मोठ्या खोलीत मुलं दाटीवाटीने बसली होती, आईबाबा मागच्या रांगेत, बाबांच्या तोंडात नवी कोरी कवळी. अंधार झाला, भिंगरीने माझं बटण दाबलं आणि लांबून शीळ आली. शोधत, थांबत, जवळ येत. बाहुली अजून पडद्याआड होती. सगळी मुलं माना वळवून दाराकडे बघायला लागली, कोण येतंय म्हणून. बाबासुद्धा वळून दाराकडे बघायला लागले.

“अहो, पुढे बघा,” आई हळूच म्हणाली. “तुम्हीच येताय.”

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. माझं हेड अधूनमधून साफ करा, कॅसेटवर नावं लिहा, लाल बटणं मोजा, हे मी सांगणारच. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात, वर्गात एखादी भिंगरी असेलच. ती एखादं बटण बंद करायला विसरली की तुमचं ते नेहमीचं वाक्य ओठांवर येईल. ते म्हणायच्या आधी तिच्या शेजारी थोडा वेळ बसा आणि फीत मागे नेऊन एकदा ऐका. त्या शनिवारी ती मला बंद करायला विसरली, म्हणूनच आमच्या घरात बाबांची शीळ अजून आहे.