माझ्या समुद्रात गव्हाण नाही

मी खारघरच्या एका कॉलेजातला जुना संगणक बोलतोय. माझं वय नऊ. पण पोटात सहाशे वर्षांचं हवामान चालवून झालंय, तेही सगळं खोटं. म्हणून फार दमलोय.

नव्याचे नऊ दिवस सगळे भोवती असत. आता फक्त गव्हाण गावची निशा येते, पीएचडीसाठी. तिच्यासाठी मी आकड्यांतून जगभरचा समुद्र आणि त्यावरची हवा तयार करतो. दोघांच्या देवाणघेवाणीतून विषुववृत्तापाशी प्रशांत महासागर तापून एल निनो उभा राहायला हवा. खरा एल निनो मोठा लहरी, कधी दोन वर्षांनी येतो, कधी सात. माझा मात्र दर दोन वर्षांनी मुकाट हजर!

तिचे मार्गदर्शक सत्यजीत सर म्हणाले, "मार्चअखेर हे मशीन भंगारात जाणार. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर विषय बदल." चार वर्षांची मेहनत होती तिची. टेबलावर डोकं टेकून रडली पोरगी. मी नुसता पंखा फिरवत राहिलो.

एका दुपारी तिचे वडील कमळाकर डबा घेऊन आले. त्यांचं मिठागर, 'वडाचं आगर', कधीच भरावाखाली गेलंय. स्क्रीनकडे बघत त्यांनी विचारलं, "तुजा दर्या न वारा एकमेकांशी बोलतान कवा?"

"दिवसातून एकदा, बाबा. दिवसभराची सरासरी काढून."

"मंग दुपारचं ऊन त्याला कलनार कसं गो? आमी मिठागरान घटकेघटकेला पानी न वारा बगायचो. सरासरीनं मीठ पडत नाय."

निशा डबा उघडायचाच विसरली. त्याच संध्याकाळी तिने समुद्र आणि हवेत दर तासाला निरोपांची ये-जा लावून दिली. माझा जीव मेटाकुटीला आला. अंग तापलं, पंखा घरघरू लागला. तरी महिनाभरात शंभर वर्षं ओढली. एल निनो आला तीन वर्षांनी, मग पाच, मग दोन, मग सहा. निशाने बाबांना फोन करून बोलावूनच घेतलं.

ते स्क्रीनवरच्या नकाशात बोटाने किनारा शोधू लागले. "यात आपलं आगर कुठं हाय?"

"नकाशाच्या एका चौकटीत पनवेल, उरण, अलिबाग सगळं जातं, बाबा. गव्हाण दिसत नाही."

"आसूं दे. आगर भायेर तरी कुठं रायलाय?"

उद्या भंगारवाला येईल. त्याचं दुःख नाही, झोप हवीच आहे. निशा, एवढंच कर. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात माझं नाव नको. तिथे 'वडाचं आगर' लिही. दुसरीकडे कुठेच ते उरलेलं नाही.