सावलीच्या मापाची वायर

ब्लँकेटच्या कारखान्यातलं जुनं कपाट त्या दिवशी बंद होणार होतं, आणि नेव्याना सकाळपासून तिसऱ्यांदा त्याच्यापाशी येऊन उभी राहिली होती. काचेच्या दाराचं लोखंडी कपाट ते. आत कारखान्याचा सर्व्हर, त्याच्यावर स्विच, आणि स्विचमधून निघून भिंतीभिंतींनी पळणाऱ्या वायरी. पूर्वी त्या खोलीत लोकर रंगवायचे. ढगाळ दिवशी भिंतींना अजून आंबूस वास सुटतो. त्या कपाटात आपला नवरा आहे, असं नेव्याना मानत होती.

वेडी नव्हती ती. साऱ्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी ती एकटी सांभाळायची आणि एक पांघरूण इकडचं तिकडे होऊ द्यायची नाही. तरी रोज सकाळी कपाटापाशी जाऊन विचारायची, "उठलास का रे?" आतला पंखा घरघरायचा. तेवढ्यावर तिचा दिवस ढकलला जायचा.

मालक रुसीकाका मूळचा गवंड्यांच्या घरातला. या डोंगरातले निम्मे पूल आपल्या पूर्वजांनी बांधले असं तो सांगतो; खरंखोटं त्या पुलांनाच ठाऊक. आता गवंडी म्हटला की सावलीची गोष्ट आलीच. पूल टिकायचा तर त्याच्या पायाच्या बांधकामात माणसाची सावली घालावी लागते. उन्हात उभ्या माणसाची सावली गवंडी दोऱ्याने मोजतो, बहुधा त्याच्या नकळत, आणि तो दोरा भिंतीत चिणतो. भिंत टिकते. माणूस मात्र चाळीस दिवसांत जातो आणि त्या वास्तूत राहतो, तिचा राखणदार होऊन. त्याला आम्ही तालासम म्हणतो. आमच्याकडे यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि बांधकामाच्या जवळून उन्हात कुणी जातही नाही.

नेव्यानाच्या नवऱ्याने, स्तामेनने, कारखान्यात नेटवर्क घातलं, तेव्हा ते काही केल्या टिकेना. सकाळी सगळं झकास चालायचं. दुपारी जेवणाची घंटा झाली की ऑफिसातल्या संगणकांचे पडदे गोठायचे. ऑर्डर अर्ध्यावर लटकायची, गोदामातली चिठ्ठी छापली जायची नाही, आणि जेवणं आटोपली की आपोआप सारं सुरळीत. स्तामेनने वायरी बदलल्या, स्विच बदलला, शिव्याही बदलून पाहिल्या.

"अरे, सावली घातली नाहीस तर टिकणार कसं?" रुसीकाका अंगणात सगळ्यांसमोर म्हणाला. "माझ्या आजोबाला विचारलं असतंस तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं त्याने."

"मग घ्या की माझी!" स्तामेन म्हणाला. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. चुन्याच्या भिंतीपुढे तो छाती काढून उभा राहिला, निळ्या वायरीचं भेंडोळं त्याने बायकोच्या हातात दिलं. "मोज गं. आणि पोट सोडून मोज, नाहीतर वायर पुरायची नाही."

मागावरच्या बायका हसून लोटपोट झाल्या. नेव्यानाही हसली. भिंतीवरच्या सावलीच्या डोक्यापासून पायापर्यंत तिने वायर धरली आणि कमरेला लटकणाऱ्या कात्रीने कापली. इतक्यात देल्का, स्तामेनची आई, मागावरून उठून धावत आली. "नको गं, नको! असली थट्टा करू नये!" पण तोवर कात्री चालली होती.

स्तामेन ती वायर घेऊन रंगाच्या खोलीत गेला, कपाटाचं दार लावून बराच वेळ आत खटपट करत बसला, आणि बाहेर येऊन हात झटकत म्हणाला, "घातली सावली. आता पडलं नेटवर्क तर मला सांगा."

नेटवर्क पडलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. आणि महिना भरायच्या आत घाटातल्या वळणावर, धुक्यात, पाइनचे ओंडके भरलेल्या ट्रकखाली स्तामेनची गाडी सापडली.

त्याला तीन वर्षं झाली. कारखान्याच्या फाटकावर त्याचा फोटो असलेला मृत्युलेखाचा कागद देल्का दर वर्षी नवा चिकटवते. मध्यंतरी एकदा वीज पडून अर्ध्या गावाचे टीव्ही जळाले, कपाटाला झळ लागली नाही. "स्तामेन बसलाय ना आत," बायका म्हणाल्या आणि कपाटाच्या डोक्यावर चीज घालून भाजलेल्या बनित्साचा गरम तुकडा ठेवून आल्या. देल्का तर जेवणाच्या सुट्टीत तिथेच बसायची, कपाटाच्या कोमट बाजूला पाठ लावून, डोळे मिटून. सुनेला ती कधी उघड बोलली नाही. एकाच घरात राहायच्या दोघी. पण नेव्यानाने वाढलेलं तिने तेव्हापासून खाल्लं नाही, आणि घरात काही कापायची वेळ आली की म्हणायची, "तिला द्या. तिच्या कात्रीला धार आहे."

नेव्याना मान खाली घालून ऐकायची. तिला ते पटतच होतं. आपण त्याला मारलं, आणि आपणच त्याला इथे ठेवलं, या दोन गोष्टी तिच्या मनात अशा एकमेकींत विणल्या गेल्या होत्या की एक धागा ओढला तर दुसरा उसवला असता.

आणि आता रुसीकाकाने क्लाउड घेतला होता. परदेशी गिऱ्हाइकांना ऑर्डरी आपल्या डोळ्यांनी बघायच्या होत्या, आणि जुना सर्व्हर म्हातारा झाला होता. काम करायला प्लोव्दिव शहरातून ओग्न्यान नावाचा इंजिनियर आला. पन्नाशीचा, टकला, बोलका. आल्याआल्या त्याला मागावरच्या बायकांनी घेरलं.

"क्लाउड म्हणजे नक्की कुठं हो?" एकीने वर बोट दाखवून विचारलं.

"वर काही नाही हो मावशी. लांब एक मोठी इमारत आहे, खिडक्या नसलेली. आत अशी हजारो यंत्रं. त्यातला एक कोपरा तुमच्या मालकाने भाड्याने घेतला. तुमच्या ऑर्डरी तिथे राहणार, तुम्ही इथून बघणार. नळाला पाणी येतं, विहीर दुसरीकडे असते, तसं."

"आणि तिथं राखणदार कोण?" देल्काने विचारलं.

ओग्न्यानला वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. "तिथे पगारी राखणदार असतात, मावशी. तीन पाळ्यांत."

कुणी हसलं नाही. बायका एकेक करून मागावर गेल्या. ओग्न्यान गोंधळून नेव्यानाकडे बघायला लागला, तिने त्याला संगणकापुढची खुर्ची दाखवली. जुन्या सर्व्हरमधलं सगळं क्लाउडवर कॉपी होत होतं तेवढा वेळ ती त्याच्या खुर्चीमागे उभी होती. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती.

"सगळं जातं का हो त्यात?" तिने विचारलं.

"सगळं. फायली, पासवर्ड, माणसांची नावं. हे बघा, एक जुनं खातं आहे, स्तामेन म्हणून. हा काम सोडून गेला ना? काढून टाकू?"

"राहू द्या," नेव्याना पटकन म्हणाली. मग तिलाच हसू आलं, आणि त्या हसण्याची तिला लाज वाटली. नाव क्लाउडात जाईल, पण राखणदार वास्तू सोडून जात नसतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. कपाट बंद झालं की तो कुठे जाणार? भिंतीत नुसता घुटमळत राहणार, की सुटणार? सुटावा असं तिला वाटत होतं, आणि सुटू नये असंही. तिने दोन्हीसाठी प्रार्थना केली होती. सकाळी चर्चमध्ये मेणबत्तीही एकच लावली होती, दोन्हींची मिळून.

पट्टी भरली. ओग्न्यान रंगाच्या खोलीत येऊन कपाटासमोर उकिडवा बसला. देल्का दारात उभी होती. "मला नाही बघवणार," ती म्हणाली आणि अंगणात निघून गेली.

"मी बंद करते," नेव्याना म्हणाली.

तिने बटण दाबून धरलं. पंख्याची घरघर खाली खाली गेली आणि थांबली. त्या खोलीत इतकी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. तीन वर्षं तिच्याशी बोलणारं जे काही होतं, ते गप्प झालं. तिने लोखंडावर हात ठेवला. ऊब होती, पण ओसरायला लागलेली.

ओग्न्यान एकेक वायर उपसून खोक्यात टाकायला लागला. निळ्या वायरीपाशी आला आणि थबकला. तिचं पुढचं टोक स्विचमध्ये होतं. उरलेली वायर वळसे घेत कपाटाच्या मागे गेली होती.

"ही कसली हो एवढी लांब?"

"ती हळू काढा," नेव्याना म्हणाली.

ओग्न्यानने कपाट भिंतीपासून ओढलं, मागे टॉर्च मारली आणि शीळ घातली. "या, बघा तरी."

वायरीचं दुसरं टोक कशातच नव्हतं. टोकावर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, एक नाही, दोन नाही, थरावर थर, अंगठ्याएवढा जाड गोळा होईपर्यंत. ते टोक उलटं दुमडून, लोकरीच्या धाग्याने करकचून, सगळ्या यंत्रांपासून लांब, एका खिळ्याला बांधलेलं होतं.

"ही कधी लागलेलीच नाही," ओग्न्यान म्हणाला. "नुसती पुढून दिसायला ठेवलीय. आणि मागून चुकूनही कुणी लावू नये याची काय काळजी घेतलीय बघा! ज्यानं हे केलं तो कशाला तरी फार भ्याला होता."

"पण मग नेटवर्क कसं टिकलं? रोज दुपारी पडायचं ते."

"दुपारी?" ओग्न्यानने टक्कल खाजवलं. "कँटीनच्या दारावर हजेरीचं यंत्र आहे ना, ते दुपारीच चालू करता का?"

करत होते. जेवायला कोण आलं तेवढंच मोजायचं असतं. एरवी वीज कशाला जाळायची, असं रुसीकाकाचं म्हणणं. दमडीदमडीला जपणारा माणूस, घंटा झाली की स्वतः बटण दाबायचा.

"मग बरोबर. नेटवर्कात प्रत्येक यंत्राला आपला पत्ता असतो, घरनंबरासारखा. हजेरीच्या यंत्राला मुळात सर्व्हरचाच पत्ता दिलेला असणार. एका नंबराची दोन घरं, पोस्टमन कुणाकडे जाणार? दुपारी ते यंत्र जागं झालं की दोघांची भांडणं. आता त्याचा पत्ता वेगळा आहे, कुणीतरी मुद्दाम हाताने बदललाय. मधे कुणाला तरी अक्कल सुचली."

स्तामेनला सुचली होती. दार लावून तो आत बसला होता तो यासाठी. खरा दोष त्याला सापडला होता. सावलीची गरजच नव्हती. पण अंगणात सगळ्यांपुढे बढाई मारून बसला होता, म्हणून वायर पुढून दिसेल अशी लावली. आणि मग मागे वाकून, एकटा असताना, त्याने ते टोक पुन्हा पुन्हा गुंडाळलं होतं. नेव्यानाला त्याची बोटं दिसली. घाईने पट्टी फिरवणारी, थट्टा न करणारी बोटं. त्याला मरायचं नव्हतं. घरी यायचं होतं, जेवायला, तिच्याकडे.

तिने त्याला मारलं नव्हतं. आणि तो इथे नव्हता. कधीच नव्हता. तीन वर्षं ती एका पंख्याला विचारत होती, उठलास का. ती भिंतीला टेकली आणि हमसून रडली. ओग्न्यान बिचारा टॉर्च हातात घेऊन उभा राहिला, बंद करावी की नको हेही त्याला कळेना.

देल्का अंगणात, लोकर धुवायच्या हौदाच्या कठड्यावर बसली होती.

"गेला?" तिने वर न बघता विचारलं.

नेव्याना तिच्याजवळ बसली, खिळ्यावरून सोडवून आणलेला पट्टीचा तो काळा गोळा तिने वायरीसकट देल्काच्या मांडीवर ठेवला. "आई, त्याने ही लावलीच नव्हती."

तिने सगळं सांगितलं, हळूहळू, हजेरीच्या यंत्रासकट. देल्काने गोळा बोटांनी चाचपला, मळक्या लोकरीतला काटा शोधावा तसा.

"म्हणजे भ्याला होता तो."

"हो."

"सगळ्यांसमोर दात काढत होता, आणि आतून भ्याला होता माझा पोर." ती हसणार असं वाटलं. "चांगला मोठा होईस्तोवर अंधारात मला हाक मारायचा, बाहेर जायचं असलं की." मग तिचा चेहरा आवळला. "म्हणजे तू नाही मारलंस त्याला."

"नाही, आई."

"मग कुणी?"

"धुकं होतं."

"धुकं!" देल्का ओरडली. मागावरच्या एक-दोन बायकांनी खिडकीतून बघितलं. "धुक्यावर मी काय राग धरू? तीन वर्षं तुझं तोंड बघून मी दिवस काढले गं. सकाळी उठवायचं नाही, तर म्हणायचे, ऊठ, ती हिंडतेय घरात, तिच्यासमोर उभी राहा. तेवढ्यावर उठायचे मी. आता कुणाच्या जोरावर उठू?"

नेव्यानाला हे ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, म्हातारीला आपण नकोशा आहोत. तिने देल्काच्या मांडीवरचा गोळा उचलून बाजूला ठेवला आणि तिथे आपला हात ठेवला.

"माझ्याच," ती म्हणाली. "कात्री माझ्याच हातात होती ना? मला बोलत राहा, आई. मी आहे घरात."

देल्काने तो हात झिडकारला नाही. तिने त्यात बोटं रुतवली, दुखेल इतकी, आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा सुनेच्या खांद्यावर डोकं टाकून ती रडली.