बगळे घरीच का हरतात

आमच्या गावच्या बेसबॉल टीमचं नाव बगळे. नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मिसिसिपीकाठचे देखणे पक्षी असतील. पण त्या उन्हाळ्यात आमचे बगळे घरच्या मैदानावर एका पायावर उभं राहून समोरच्यांचे रन तेवढे मोजायचे. बाहेरगावी मात्र हीच पोरं वाघ. बसमध्ये बसून शंभर मैलांवर गेली की जिंकून येणार, आणि परत आली की आमच्या डोळ्यांदेखत तोंडावर आपटणार. जुलैच्या मध्यापर्यंत बाहेर बारा मॅच जिंकल्या, दोन हरल्या. घरी तीन जिंकल्या, अकरा हरल्या. हे आकडे माझ्या वहीतले आहेत. प्रत्येक मॅचची नोंद मी पेन्सिलीने स्वतः करतो आणि माझी वही चुकत नाही. धान्याच्या कोठारावर चौतीस वर्षं वजनकाटा सांभाळलाय मी.

टीम तीच, चेंडू तोच, मग घोडं अडतं कुठे? माझ्या मते मॅनेजरपाशी. बाहेर त्याला कोणी ओळखत नाही म्हणून त्याचं डोकं चालतं, आणि घरी आमच्या हजार नजरा पाठीवर पडल्या की गारठतं. हा सिद्धांत मी न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर आणि बायकोला झोपेतून उठवूनसुद्धा सांगितला होता.

मॅनेजरचं नाव गॉर्डन टिलिस. हिवाळ्यात मिसूरीतल्या कुठल्याशा शाळेत बीजगणित शिकवायचा, उन्हाळ्यात आमच्याकडे यायचा. मैदानाकडेच्या बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडायच्या, टरफलं थुंकायची आणि अवाक्षर काढायचं नाही. मी त्याला मौनीबाबा म्हणायचो. चेंडू फेकणाऱ्या आमच्या पिचरचा हात ढिला पडलाय, समोरचे धडाधड ठोकतायत, अख्खं मैदान ओरडतंय, "काढ त्याला! अरे, काढ!" आणि बाबा आपला बिया फोडतोय.

बगळे हा गावाचा क्लब. बाकं आम्हीच रंगवतो, गवत आम्हीच कापतो आणि शंभर सह्या जमल्या तर पाच जणांच्या कमिटीला मॅनेजर ठेवायचा की घालवायचा यावर मत घ्यावंच लागतं. मी एकशे त्रेचाळीस जमवल्या. सभा गुरुवारी संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये ठरली. शुक्रवारी टिलिस मिसूरीच्या वाटेला लागलेला असेल याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

बुधवारी घरी मॅच होती.

आता आमची पोरं पगारी नाहीत. कॉलेजातली मुलं, सुट्टीत खेळायला येतात आणि गावातली घरं त्यांना ठेवून घेतात. आमच्याकडे एम्मिट होता. जॉर्जियाचा, ताडमाड उंच, पिचर. "हो सर", "नाही सर" यापलीकडे त्याच्याकडून मी फारसं काही ऐकलं नव्हतं. घरी मॅच असली की चार वाजता तो माझ्या टेबलाशी, हा माझा नियम. सफरचंदाच्या लाकडाच्या धुरावर सकाळपासून शिजत ठेवलेल्या डुकराच्या बरगड्या, बटाट्याचं सॅलड, लोण्यात न्हालेली कणसं. माझ्या बरगड्यांना काउंटीच्या जत्रेत चार वेळा पहिलं बक्षीस मिळालंय, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतो, तुम्हालाही सांगून ठेवतो.

त्या बुधवारी मात्र मी सभेआधी आणखी सह्या जमवायला दिवसभर गावभर भटकत होतो. नॅडिन, माझी बायको, बहिणीकडे गेलेली. भट्टी पेटलीच नाही. पाच वाजता घरात शिरलो तर एम्मिट ओट्याशी उभ्याउभ्या केळं खात होता.

"अरे देवा! उपाशी राहिलास की रे!"

"नाही सर. दोन केळी झाली, एक ब्रेड झाला. भरपूर झालं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्याचं पोर आपल्या घरून अर्धपोटी खेळायला निघालंय, आणि आपण सह्या गोळा करत फिरतोय!

आणि मग एम्मिट काय खेळला म्हणता! घरच्या मैदानावर नवांपैकी चौथ्याच इनिंगमध्ये हाशहुश करणारा हा मुलगा शेवटच्या चेंडूपर्यंत उभा राहिला. समोरचे बॅट हवेत फिरवून परत जात होते. बाकीचे बगळे नेहमीसारखेच जड होते. त्याच्यासमोर बसून चेंडू झेलणारा बून तर दर इनिंगला गुडघ्यांवर हात टेकून उठत होता. तरी एकट्या एम्मिटच्या जोरावर आम्ही दोन-एकने जिंकलो. सगळे नाचत होते आणि माझा मात्र जळफळाट. गाढवांनो, नेमकं आजच जिंकायचं होतं?

घरी जाताना गाडीत मी विचारलं, "आज तुला झालं तरी काय होतं?"

"काही नाही सर. पाय हलके वाटत होते."

"आणि एरवी?"

तो खिडकीबाहेर मका बघत बसला. मी गाडी कडेला घेतली. "एम्मिट, मी काहीतरी विचारलं."

"सर, राग मानू नका. तुमच्या बरगड्या फार छान असतात. पण सात-आठ खाल्ल्या की हात वर करताना... म्हणजे... झोप येते."

"मग नको म्हणायचं ना!"

"म्हटलं होतं एकदा. तुम्ही तीन आणखी वाढल्यात."

खोटं कसं म्हणू? वाढल्याच होत्या.

"आणि बून? त्याचंही हेच?"

"लुंडग्रेनबाई त्याला अख्खी तळलेली कोंबडी देतात सर. वर चेरीचा केक. सगळ्यांचं तेच. बाहेरगावी आम्ही बसमध्ये एकेक सँडविच खातो."

"हे तुमच्या त्या मौनीबाबाला ठाऊक आहे?"

"पहिल्या आठवड्यापासून. आम्ही म्हटलं, कोच, तुम्ही सांगा ना लोकांना. तर ते म्हणाले, खबरदार! त्यांनी तुम्हाला घरात घेतलंय. ताटातलं नाकारायचं नाही. हरलात तर लोकांचं मी ऐकून घेईन."

दोन महिने मी त्या माणसाला हजार लोकांसमोर ठोंब्या म्हणत होतो, आणि घरच्या अकरा हारींतली निदान एम्मिटची तरी प्रत्येक हार मी स्वतःच्या हाताने वाढली होती. लाज वाटली. साधी नाही, कानशिलं तापतील इतकी.

गुरुवारी हॉल खचाखच भरला. टिलिस मागच्या भिंतीला टेकून उभा होता, टोपी हातात. अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं आणि मी उठलो. खिशात चार पानी भाषण होतं. लोक माना पुढे काढून बसले, कारण व्हर्लिन स्टुट्झमन बोलायला उठला की कोणाची तरी सालटी निघणार हे गावाला माहीत आहे.

"टिलिसना काढायची गरज नाही," मी म्हणालो. "घरी आपण हरतो ते माझ्या बरगड्यांमुळे."

कोणीतरी हसलं. मग मी बुधवारचं सगळं सांगितलं. केळी, ब्रेड, एम्मिटचे हलके पाय. आणि माझी बरगडी असेल तर तुमची कोंबडीही आहे आणि तुमचा केकही आहे, असं म्हणालो मात्र, हॉलमध्ये आग लागली. निदान बंब तरी शेजारीच उभा होता.

लुंडग्रेनबाई उठल्या. "म्हणजे माझ्या कोंबडीने मॅच घालवली म्हणतोस?"

"एकटीने नाही, बाई. केकनेही मदत केली."

"मेल्या, तो केक चर्चच्या जेवणात तू तीनदा मागून खाल्लास!"

"खाल्ला! पण मला कुठे नंतर पळत बेस गाठायचा होता!"

"मग पोरांना काय पक्ष्यांसारखे दाणे टाकायचे?" मागून आणखी एक आवाज आला.

एवढ्यात टिलिस भिंत सोडून पुढे आला. त्याचा आवाज बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच ऐकला असेल. "स्टुट्झमनसाहेबांचं बोलणं मनावर घेऊ नका. जेवणाचा काही संबंध नाही. पिचर वेळेवर बदलायला मीच चुकतो."

"अहो, खोटं काय बोलता!" मी ओरडलो. "मी तुम्हाला वाचवायला उभा राहिलोय!"

"मी कुठे सांगितलं वाचवा म्हणून?"

"मग पहिल्याच आठवड्यात सरळ का नाही सांगितलंत? दोन महिने माझ्या शिव्या खात बसलात!"

टिलिसने हातातली टोपी फिरवली. "पोरं जेवून मैदानात येतात ना, तेव्हा घरून आल्यासारखी दिसतात," तो म्हणाला. "कोणाच्या घरी आई नाही, कोणी आयुष्यात पहिल्यांदा गाव सोडलंय. चार मॅच जिंकण्यासाठी ते कसं बंद करू? मी स्वतः मोटेलच्या खोलीत डबाबंद सूप गरम करून खातो. मला माहितीये, ते टेबल काय असतं."

सव्वीस पोरांना आम्ही दोन महिने चढाओढीने खाऊ घालत होतो. या माणसाला एकाही घराने एकदाही जेवायला बोलावलं नव्हतं. मी बोलावलं नव्हतं. लुंडग्रेनबाई हळूच खाली बसल्या आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "मॅनेजरला काढावं असं कोणाला वाटतं?"

एकही हात वर आला नाही. एकशे त्रेचाळीस सह्या करणारे सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. मग मॅचच्या दिवशी जेवण मॅचनंतर, आधी फक्त ब्रेड आणि फळं, असंही ठरलं. त्याला तीन बायकांनी विरोध केला आणि एका नवऱ्यानेही.

मी टिलिसला दारात गाठलं. म्हणालो, "रविवारी मॅच नाही. चार वाजता या. उशीर चालणार नाही."

तो आला, पावणेचारलाच. पहिली बरगडी त्याने भीतभीत उचलली. चौथीला बाह्या सरसावल्या. नवव्या बरगडीनंतर खुर्चीत मागे रेलला, पट्टा एक भोक सैल केला आणि बराच वेळ छताकडे बघत राहिला. नॅडिनने विचारलं, "आणखी वाढू?" तर त्याला मान हलवायलाही जमेना.

"व्हर्लिन," अखेर तो म्हणाला, "एवढं खाऊन त्या पोरांनी घरी तीन मॅच जिंकल्या? अरे, आपली टीम भलतीच तगडी आहे!"