पट्टा थांबवून नोझल धुतले

खरवड्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. एरवी मॅनेजरपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला खरवड्याच म्हणत आणि तोही ओ द्यायचा. या नावात शिवी किती आणि शाबासकी किती, हे ज्याने ते ठेवलं त्यालाही आता सांगता आलं नसतं.

कारखाना पांढरी भुकटी करायचा. रंगात, कागदात, दातांच्या पेस्टमध्ये, जिथे म्हणून कमी मालात जास्त वजन दाखवायचं असतं तिथे ही भुकटी जाते. आधी तिचा चिखल असतो. तो वीस पावलं लांबीच्या कापडी पट्ट्यावर ओततात. पट्टा सरकत राहतो, खालून पंप पाणी ओढून घेतो, टोकाशी कोरडा थर सुटून पडतो आणि रिकामा पट्टा रुळांवरून खालच्या अंगाने परत येतो. सगळी मेख या परतीच्या वाटेत. थर सुटला तरी कापडाच्या विणीत भुकटी अडकून बसते. ती निघाली नाही तर दोन-तीन दिवसांत वीण बुजते, पाणी खाली उतरत नाही आणि पट्टा नुसताच चिखल वाहून नेतो. म्हणून परतीच्या वाटेवर एक आडवा पाइप होता, त्याला पाणी फवारणारे चोवीस नोझल. पण पाणी जड, नोझलांची तोंडं क्षाराने बुजायची. तेव्हा नियम असा, की दर पाळीला पट्टा थांबवायचा, पाइप सोडवायचा, नोझल काढून आम्लात भिजवायचे, टोकरायचे आणि परत बसवायचे. चाळीस मिनिटांचं काम. मग धुलाईच्या वहीत लिहायचं, ‘पट्टा थांबवून नोझल धुतले’, आणि सही ठोकायची.

खरवड्या अकरा वर्षं रोज सकाळी हे वाक्य लिहीत होता. अक्षर मोत्यासारखं. पट्टा मात्र त्याने कधी थांबवला नव्हता.

त्याची युक्ती अशी. ताठ प्लास्टिकची हातभर पट्टी घ्यायची, यंत्राच्या कडेला जो चौकड्यांचा पत्रा आहे त्यावर चढायचं, अंग वाकवून हात आत घालायचा आणि रुळाजवळ, पट्टा चालू असताना, पट्टी कापडावर तिरकी धरायची. विणीतली भुकटी साय निघावी तशी निघायची. दाब जास्त झाला तर कापड फाटेल, कमी झाला तर काहीच निघणार नाही. दहा मिनिटांत काम खलास, उत्पादन एका मिनिटानेही कमी नाही. बाकीच्या दोन पाळ्यांचे लोक त्याच्या खरवडण्यावर दिवस काढत आणि त्याच्या सहीखाली आपलीही सही करत. फोरमनला सगळं ठाऊक होतं. फोरमन म्हणजे असा माणूस, की ज्याला एखादी गोष्ट ठाऊक नसण्यात फायदा असेल तर ती त्याला अजिबात ठाऊक नसायची.

आता एवढी कला अंगात असलेला माणूस ती दुसऱ्याला का शिकवत नाही? खरवड्याची बायको त्याला हेच विचारायची. त्यावर तो म्हणायचा, “झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मुठीत आहे काय? प्लास्टिकची पट्टी!”

“तीच तर उघडायची नाही.”

खरं तर यात दुष्टपणा काही नव्हता. दोन वेळा कामगार कमी केले तेव्हा दोन्ही वेळा खरवड्या राहिला होता, त्याच्याहून शिकलेले गेले होते. का राहिलो याचा हिशेब त्याने आपल्या मनाशी मांडला होता, आणि तो चुकलाही नव्हता.

मग त्याचा खांदा गेला. डावा. अकरा वर्षं तोच हात आत घातलेला. डॉक्टरने चित्र दाखवून सांगितलं, “दोरखंड झिजावा तसं झालंय. सहा आठवडे हात हलवायचा नाही.”

त्याच्या जागी फोरमनने त्याच्या धाकट्या भावाला उभं केलं. धाकटा पलीकडे पोती भरायच्या विभागात होता. फोरमन म्हणाला, “रक्त एकच, हातही एकच असणार.”

जाण्याआधी खरवड्याने धाकट्याच्या हातात वही दिली. “हे वाक्य लिहायचं आणि खाली सही.”

“लिहीन. पण करायचं काय, दादा?”

“लिहिलंय तेच.”

धाकटा सरळ माणूस. घरातल्या सरळ माणसाला सगळे बावळट म्हणतात, तसं त्यालाही म्हणत. त्याने पहिल्याच दिवशी खरोखर पट्टा थांबवला आणि पाना घेऊन पाइपाखाली शिरला. बोल्ट हलेनात. गंजून पाइपाशी एकजीव झालेले. तेल सोडलं, हातोडी मारली, एका बोल्टचं डोकं तुटून हातात आलं. पाऊण तास गेला आणि पट्टा तसाच बुजलेला. तिसऱ्या दिवशी पट्ट्यावरून नुसता चिखल वाहू लागला, तेव्हा फोरमन सगळ्यांदेखत म्हणाला, “तुझा भाऊ अकरा वर्षं हे काम करत होता. एकदा तक्रार नाही. बघ बुवा, तू त्याच्याच आईच्या पोटचा ना?”

त्या संध्याकाळी धाकटा खरवड्याच्या घरी आला. वहिनीने पाणी दिलं ते हातातच धरून बसला.

“दादा, ते बोल्ट कधी उघडलेच नाहीत ना?”

खरवड्या गळ्यातल्या झोळीत हात सांभाळत म्हणाला, “तेल सोड. रात्रभर भिजू दे.”

“तू पट्टी लावून करतोस. मी पाहिलंय लांबून. ते दाखव मला.”

“ते असं दाखवून येत नाही.”

“अरे, चालत येऊन नुसता उभा राहा. तोंडाने सांग.”

“सहा आठवड्यांचा प्रश्न आहे. ढकल कसंतरी.”

“सहा आठवडे तो मला ठेवेल होय?”

वहिनी आतून म्हणाली, “सांगा की हो! भाऊ आहे, सावकार नाही.”

खरवड्याने सांगितलं नाही. मनात म्हणाला, अजून चार दिवस पट्टा बुजू दे, म्हणजे आपली किंमत फोरमनला कळेल. धाकट्याला काय, परत पोत्यांवर पाठवतील. हाही हिशेब त्याने बारकाईने मांडला होता, फक्त त्यात एक रकाना धरायचा राहून गेला होता.

सहाव्या दिवशी सकाळी धाकटा पट्टी घेऊन पत्र्यावर चढला. पट्टी रुळात गेली, पट्टीमागे हात गेला. कोणीतरी यंत्र थांबवायची लाल दोरी ओढली तोवर कोपरापर्यंतचा उजवा हात गेला होता.

दवाखान्यात धाकटा शुद्धीवर आला तेव्हा त्याने भावाकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. काही बोलला असता तर बरं झालं असतं, असं खरवड्याला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

महिन्याने चौकशी लागली. तपासणीस बाई आल्या, चष्मा साखळीला लटकवलेल्या, आवाज कोरडा. कारखान्याने त्यांच्यापुढे वह्या ठेवल्या, अकरा वर्षांच्या, ओळीने लावलेल्या. मॅनेजर नम्रपणे म्हणाला, “बघा बाई, इथे दर पाळीला पट्टा थांबवूनच धुलाई होते. एक दिवस खंड नाही. या एका कामगाराने नियम मोडला.” वाक्य साधं होतं, पण त्याचा अर्थ खरवड्याला बाकावर बसल्या बसल्या कळला. दोष धाकट्याचा ठरला, की त्याला बसून करायचं दुसरं काम द्यायला कारखाना बांधील राहत नाही. एका हाताचा माणूस पोती भरत नाही आणि बाहेरही त्याला कोणी ठेवत नाही. आणि हा दोष सिद्ध करायला पुरावा कुणाचा? खरवड्याच्या मोत्यासारख्या अक्षराचा.

फोरमनने त्याला आधीच बाजूला घेतलं होतं. “तू फक्त सह्या माझ्या आहेत म्हण. तुझी जागा कुठे जात नाही. पट्टा तुझी वाट बघतोय रे.”

“आणि धाकटा?”

“त्याचं जे झालं ते झालं. घरात निदान एक चूल तरी पेटू दे.”

यात गोम अशी, की फोरमन खोटं बोलत नव्हता.

बाईंनी पहिली वही उघडून विचारलं, “या सह्या तुमच्या?”

“माझ्या.”

“म्हणजे पट्टा थांबवून धुलाई होत होती.”

खरवड्याने फोरमनकडे पाहिलं नाही. खालच्या फरशीकडे बघत म्हणाला, “नाही बाई. एकदाही नाही. मी चालू पट्ट्यावर खरवडायचो. हे सगळं खोटं लिहिलंय.”

खोलीत कोणीतरी खोकलं. मॅनेजर हसून म्हणाला, “भावाचं प्रेम. आम्ही समजू शकतो.”

बाईंनी चष्मा काढला. “अकरा वर्षं रोज खोटं लिहिलंत असं म्हणता. मग आजचं खरं कशावरून धरू?”

“बोल्ट बघा,” खरवड्या म्हणाला. “गंजून बसलेत. रोज उघडले असते तर गंजले असते?”

सगळे पट्ट्याजवळ गेले. तिथे नवाकोरा पाइप चकाकत होता, चोवीस नोझल, बोल्टना तेल लावलेलं. जुना भंगारात गेला, मॅनेजर म्हणाला, सुरक्षेसाठी तातडीने बदलला. यंत्राला, कठड्याला, पत्र्यालासुद्धा पिवळा रंग मारला होता. एवढा रंग कारखान्यात दहा वर्षांत आला नव्हता.

खरवड्या उभा राहिला. मग काय सुचलं कोण जाणे, खाली वाकून त्याने बूट काढले आणि सवयीने त्या पत्र्यावर चढला.

पत्रा उठावाच्या चौकड्यांचा, पाय घसरू नये म्हणून तसा केलेला. रंगाखालीही चौकड्या बोटाला लागत होत्या. पण त्याच्या पायांखाली नव्हत्या. ओली भुकटी बुटांखाली घासून घासून तिथे दोन जागा गुळगुळीत झाल्या होत्या, दोन तळव्यांच्या आकाराच्या, डावी जास्त. रंगाने त्या झाकल्या नव्हत्या, उलट आरशासारख्या चमकवल्या होत्या. बाई गुडघ्यावर बसल्या, त्यांनी आपला अंगठा त्या जागेवरून फिरवला, मग शेजारच्या चौकड्यांवरून.

“चाळीस मिनिटं बंद असलेल्या यंत्रापाशी माणूस इथे कशाला उभा राहील?” त्या मॅनेजरला म्हणाल्या. मॅनेजरला या प्रश्नाचं उत्तर कोणी पाठ करून दिलं नव्हतं.

मग बाईंनी हातातला अपघाताचा नकाशा उलटसुलट केला. “पण खूण इथे नाही. तुमचा भाऊ रुळाच्या पलीकडे उभा होता.” त्या चार पावलं गेल्या. तिथल्या चौकड्या टोकदार होत्या, नव्यासारख्या. “इथे. असं का?”

खरवड्या पत्र्यावरून पलीकडे बघत राहिला आणि त्याला ते दिसलं. तो डावखुरा. रूळ डाव्या हाताला ठेवून उभा राहायचा, म्हणजे कापड रुळावरून सुटून त्याच्याकडे यायचं. पट्टी निसटली तर बाहेर फेकली जायची, अंगावर यायची फार तर. धाकटा उजवा. लांबून पाहिलेलं त्याने आपल्या हाताला सोयीचं करून घेतलं, रूळ उजवीकडे घेतला. त्या बाजूला कापड रुळात शिरतं. जे शिरतं ते सोबतचंही घेऊन जातं.

महिनाभर त्याने स्वतःला समजावलं होतं, की धाकट्याचा हातच जड, त्याला जमणारं काम नव्हतं.

“या बाजूला उभं राहायचं नाही, हे त्याला कोणी सांगितलं होतं?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“कोणी सांगायला हवं होतं?”

“मी,” खरवड्या म्हणाला. “तो घरी विचारायला आला होता.”

बाईंनी लिहून घेतलं. अक्षर गिचमिड होतं, पण लिहिलं ते खरं.

निकाल आला. दोष कामगाराचा नाही. धाकट्याला बसून करायचं काम द्यावं, आणि वहीत खोट्या नोंदी करणाऱ्याला काढून टाकावं. फोरमनचं नाव निकालात कुठेच नव्हतं. ठाऊक नसण्याचा फायदा त्याला शेवटपर्यंत मिळाला. आणि धाकट्याला काम मिळालं ते धुलाईच्या वहीचं. पट्ट्याजवळ खुर्ची, दर पाळीला पट्टा थांबल्याची वेळ आणि सुरू झाल्याची वेळ लिहायची. त्यासाठी डाव्या हाताने लिहिता आलं पाहिजे, पंधरा दिवसांत.

वहिनी म्हणाली, “तुम्ही जा. घरात डावखुरं दुसरं कोण आहे?”

खरवड्या गेला. धाकट्याच्या बायकोने दार उघडलं आणि ती आत गेली. धाकटा जमिनीवर पाटी-पेन्सिल घेऊन बसला होता, पोराची असावी. अक्षरं पडलेल्या कुंपणासारखी एकमेकांवर रेललेली.

खरवड्या समोर बसला. मग उठला आणि त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून बसला.

“समोरून बघू नकोस,” तो म्हणाला. “उलटं शिकशील. पाटी अशी तिरकी धर. हात ओळीच्या खालून आण, वरून आणलास तर लिहिलेलं पुसतं.”

धाकट्याने पाटी फिरवली. पेन्सिल करकरली. बराच वेळ लागला.

“काय लिहू?”

“काहीही. वहीतलं वाक्य लिही.”

धाकट्याने ‘पट्टा थांबवून’ एवढं लिहिलं आणि थांबला. “हे तोंडाने सांगता येत होतं, दादा,” तो म्हणाला. “त्या दिवशी.”

पाटी घसरत होती. धाकट्याला ती धरायला दुसरा हात नव्हता, म्हणून खरवड्याने आपल्या उजव्या हाताने तिची कड दाबून धरली आणि धाकटा पुढचा शब्द लिहीपर्यंत तशीच धरून ठेवली.